परवलीचा एक शब्द की सहा शब्द?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. इचलकरंजीत माझे करसल्ल्याचे लहानसे कार्यालय आहे. यंत्रमागधारक, किराणा दुकानदार, शिक्षक आणि काही निवृत्त मंडळी अशा सुमारे चारशे अशिलांची विवरणपत्रे आम्ही भरतो. सर्वांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील आणि पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये आहेत. पासवर्ड लक्षात राहावेत म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली होती: अशिलाच्या नावाची पहिली चार अक्षरे, मग @, मग जन्मवर्ष. गेल्या महिन्यात एक सहायक नोकरी सोडून गेला आणि मला पहिल्यांदाच धास्ती वाटली. मुंबईत संगणक क्षेत्रात काम करणारा माझा भाचा म्हणतो, "मावशी, चिन्हे आणि आकडे सोड, पाच-सहा साधे शब्द जोडून लांब पासफ्रेज कर." मला ते पटत नाही. चिन्हे घातलेल्या पासवर्डपेक्षा साधे मराठी शब्द सुरक्षित कसे? आणि तसे असेलच, तर मला पाठ असलेल्या एखाद्या अभंगाची ओळ चालेल का? शिवाय काही पोर्टल चौदा-पंधरा अक्षरांच्या पुढे जाऊच देत नाहीत, काही दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात. मी नेमके काय करावे?

— एक करसल्लागार, इचलकरंजी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा भाचा बरोबर सांगतो आहे, मात्र त्याच्या सल्ल्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग तुमच्या पत्रात आलेला नाही. तो भाग म्हणजे ते पाच-सहा शब्द निवडायचे कोणी. ते तुम्ही मनाने निवडलेत, तर बराचसा फायदा हातचा जाईल. ते नशिबाने, म्हणजे फाशांनी किंवा चिठ्ठ्यांनी निवडले, तरच भाच्याचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरेल. अभंगाच्या ओळीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पण त्याआधी तुमच्या धास्तीबद्दल लिहितो, कारण ती रास्त आहे आणि तिथे वेळ घालवून चालणार नाही.

तुम्हाला एक्सेलची फाइल बाहेर गेली असेल का, याची काळजी वाटते आहे. तुमच्या बाबतीत फाइल बाहेर जाण्याची गरजच नाही. नावाची चार अक्षरे, @ आणि जन्मवर्ष हे सूत्र ज्याला माहीत आहे, त्याला चारशेही पासवर्ड माहीत आहेत, कारण नाव आणि जन्मतारीख दोन्ही पॅन कार्डावरच छापलेली असतात. थोडक्यात, तुमच्या कार्यालयात चारशे पासवर्ड नाहीत. एकच आहे आणि तो म्हणजे ते सूत्र. जो सहायक सोडून गेला त्याच्यावर संशय घ्यावा असे मी मुळीच सुचवत नाही. तो सज्जन असेल, कदाचित सूत्र विसरूनही जाईल. पण चारशे कुटुंबांच्या आर्थिक माहितीची सुरक्षितता एका माणसाच्या सज्जनपणावर आणि विसराळूपणावर सोडणे त्या कुटुंबांवरही अन्यायाचे आहे आणि त्या सहायकावरही, कारण उद्या काही बिघडले तर पहिले बोट त्याच्याकडेच दाखवले जाईल. म्हणून केवळ फाइलचा पासवर्ड बदलून भागणार नाही. हे चारशे पासवर्ड एकेक करून बदलावे लागतील. बदलताना ओटीपी अशिलाच्या मोबाइलवर जात असेल, तर त्याला आधी फोन करून कारण सांगावे लागेल. ज्या खात्यांतून परतावा मागता येतो किंवा बँकेचा तपशील बदलता येतो, तिथून सुरुवात करावी. रोज वीस अशील घेतले, तरी वीस कामाच्या दिवसांत हे संपते.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे वळतो. चिन्हे आणि आकडे असलेला पासवर्ड कठीण असतो, ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे, त्याला एक इतिहास आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, काम करणाऱ्या बिल बर यांनी 2003 मध्ये पासवर्डविषयी काही मार्गदर्शक सूचना लिहिल्या. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडा आणि चिन्ह यांचे मिश्रण करावे आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा, अशा आशयाच्या त्या सूचना होत्या. जगभरच्या कार्यालयांनी आणि संकेतस्थळांनी त्या नियम म्हणून उचलल्या. पुढे 2017 मध्ये, निवृत्त झालेल्या बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राशी बोलताना, आपण त्या वेळी जे लिहिले त्यातील बऱ्याचशा भागाचा आपल्याला खेद वाटतो, असे मोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी निस्टने आपल्या सूचना बदलल्या. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, निदान 64 अक्षरांपर्यंतचा लांब पासवर्ड स्वीकारा आणि जे पासवर्ड पूर्वी फुटलेले आहेत ते नाकारा, असे त्या नव्या सूचना सांगतात. स्वतःच्या जुन्या सल्ल्याबद्दल इतक्या स्पष्टपणे बोलणारा तज्ज्ञ विरळा, म्हणून मला या गृहस्थांविषयी आदर वाटतो.

जुन्या नियमांत चुकले काय? माणसाला ओळखण्यात चूक झाली. 'मोठे अक्षर, आकडा आणि चिन्ह घाला' असे सांगितले, की आपण सगळे एकसारखेच वागतो. मोठे अक्षर पहिले ठेवतो, आकडे शेवटी ठेवतो, चिन्ह म्हणून @ घेतो, 'ए' च्या जागी @ आणि 'ओ' च्या जागी शून्य लिहितो. पासवर्ड फोडणाऱ्यांच्या साधनांना या सवयी तोंडपाठ आहेत. शब्दांच्या याद्यांवर हेच बदल आपोआप करून पाहण्याचे नियम त्यांत तयारच असतात. 2009 च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात बाहेर पडले, तेव्हापासून तर माणसे पासवर्ड कसे निवडतात हे अंदाजाने ठरवण्याची कोणाला गरजच उरली नाही. त्या यादीत सर्वाधिक वेळा आलेला पासवर्ड होता 123456. तुमचे सूत्रही या सवयींचेच अपत्य आहे. ते डोळ्यांना कठीण दिसते, यंत्राला तसे दिसत नाही.

इथे थोडे गणित करू. तुमचा दिवस आकड्यांत जातो, तेव्हा तुम्हाला ते जड जाणार नाही. कळफलकावर छापता येणारी 94 अक्षरे-चिन्हे आहेत. त्यांतून आठ अक्षरे खरोखर नशिबाने निवडली, तर सुमारे 61 कोटी कोटी शक्यता होतात. आता दुसरीकडे, 7,776 साध्या शब्दांची यादी घ्या आणि तिच्यातून नशिबाने चार शब्द उचला. शक्यता होतात सुमारे 37 कोटी कोटी. म्हणजे चार साधे शब्द आणि आठ अगम्य चिन्हे यांची ताकद जवळपास एकाच पातळीची आहे. फरक एवढाच, की चार शब्द संध्याकाळपर्यंत पाठ होतात आणि ती आठ चिन्हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून पडद्याला चिकटवावी लागतात. पाचवा शब्द जोडला, की शक्यता आणखी 7,776 पटींनी वाढतात आणि सहावा जोडला, की पुन्हा तितक्याच पटींनी. आठ अक्षरांना नववे जोडले, तर वाढ फक्त 94 पटींची असते. साध्या शब्दांचे बळ इथून येते. शब्द गुप्त असण्याची गरज नाही. संपूर्ण यादी हल्लेखोराच्या हातात आहे असे धरूनच हा हिशेब केला आहे.

7,776 हा आकडा मनाचा नाही. एक फासा पाच वेळा टाकला, तर सहाचा पाचवा घात, म्हणजे बरोबर 7,776 निकाल संभवतात. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये याच तत्त्वावर 'डाइसवेअर' नावाची पद्धत मांडली: प्रत्येक निकालासमोर एक शब्द लिहिलेली यादी घ्यायची आणि पाच फासे टाकून एक शब्द मिळवायचा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने 2016 मध्ये अशाच, पण लक्षात ठेवायला सोप्या शब्दांच्या सुधारित याद्या प्रसिद्ध केल्या. पासफ्रेज ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. सिग्मंड पोर्टर यांनी ती 1982 मध्ये मांडली होती.

मग अभंगाची ओळ का नको? ओळ लांब आहे, तुम्हाला पाठ आहे, तुमच्या मनाजवळची आहे. आणि नेमक्या याच कारणांनी ती हजारो लोकांच्याही मनाजवळची आहे. ती छापलेली आहे, महाजालावर रोमन लिपीतही उपलब्ध आहे. 2013 च्या सुमारास काही संशोधकांनी विकिपीडिया, जुन्या ग्रंथांची संग्रहस्थळे वगैरे ठिकाणांहून लाखो वाक्ये गोळा करून ती फुटलेल्या पासवर्डांवर चालवून पाहिली, तेव्हा वरवर अभेद्य वाटणारी लांबलचक वाक्येही उलगडली. अभंग, आरती, श्लोक, म्हण, गाण्याचा मुखडा, 'नाचता येईना अंगण वाकडे' सारखे वाक्य, गावाचे आणि कुलदैवताचे नाव, मुलांची नावे ओळीने, हे सगळे यात आले. ओळीत शब्द सहा असले, तरी हल्लेखोराच्या दृष्टीने ती संपूर्ण ओळ यादीतली एकच नोंद असते. आपल्या पाठांतराच्या परंपरेवर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून हे लिहिताना थोडे जड जाते; पण जे सर्वांच्या ओठांवर आहे ते कुलूप होऊ शकत नाही.

तेव्हा शब्द नशिबाने निवडायचे. मराठी शब्द हवे असतील तर मी स्वतः वापरतो ती पद्धत सांगतो. घरात पाच-सहाशे पानांचा एखादा मराठी शब्दकोश असेल तो घ्यावा. तो नुसता 'कुठेही' उघडू नये, कारण हात नेहमी मधल्याच पानांवर पडतो आणि डोळा ओळखीच्या शब्दावरच थांबतो. शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करून डब्यात घालाव्या. एक काढावी, आकडा लिहावा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवावा आणि असे तीन वेळा करून पानाचा क्रमांक मिळवावा; तो कोशाच्या पानांपेक्षा मोठा किंवा शून्य आला, तर तिन्ही आकडे सोडून द्यावे. चौथी चिठ्ठी सम आली तर पानावरचे पहिले दहा शब्द, विषम आली तर पुढचे दहा. आणि पाचव्या चिठ्ठीने त्या दहांतला शब्द ठरतो, शून्य म्हणजे दहावा. सहाशे पाने आणि पानामागे वीस शब्द धरले, तर ही 12,000 शब्दांची यादी झाली. कोशात अगदी अपरिचित शब्द बरेच निघतात. ते सोडून पुन्हा चिठ्ठी काढायला हरकत नाही. निम्मे शब्द असे गळाले तरी 6,000 उरतात आणि सहा शब्दांच्या माळेला ते पुरेसे आहेत. मात्र निघालेल्या सहा शब्दांची माळ 'छान वाटत नाही' म्हणून वारंवार नवी काढत बसू नये आणि शब्द मागे-पुढे करून त्यांचे अर्थपूर्ण वाक्य बनवू नये. तसे केले, की नशीब बाजूला पडते आणि आपली आवड पुन्हा निवड करू लागते.

समजा, अशा रीतीने खुरपे, वकील, धुके, चाळणी, पंचांग, बदक असे शब्द निघाले. (हे आता छापले गेले, त्यामुळे कोणीही वापरू नयेत.) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तो नसणे हीच त्यांची किंमत आहे. लक्षात ठेवण्यासाठी आपण मनात एक चित्र रचावे: धुक्यात एक वकील खुरपे घेऊन उभे आहेत आणि चाळणीतून पंचांग गाळून बदकाला घालत आहेत. चित्र जितके विचित्र, तितके पक्के बसते. पहिल्या दिवशी दहा वेळा, पुढचा आठवडाभर रोज दोन-तीन वेळा टंकित केले, की बोटांनाच ते पाठ होते. लहानपणी पाढे पाठ झाले तसेच.

लिपीबाबत एक व्यावहारिक सूचना आहे. शब्द मराठी असू द्या, पण टंकन रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे वापरून करा. देवनागरीतले एकच दिसणारे अक्षर संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. 'ॲ' हे अक्षर एका कळफलकावर एकसंध उमटते, तर दुसऱ्यावर 'अ' ला चंद्र जोडून तयार होते. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला भिन्न. शिवाय संगणक सुरू होताना, मराठी कळफलक उपलब्ध होण्याच्या आधीच पासवर्ड विचारला जातो, तेव्हा माणूस स्वतःच्याच घराबाहेर अडकून पडतो. रोमनमध्ये लिहिताना दीर्घ 'आ' साठी 'ए' एकदा की दोनदा, 'व' साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', 'ज्ञ' कसा लिहायचा, हे एकदाच ठरवून टाकावे आणि शब्द सुरुवातीला ज्या कागदावर लिहून ठेवाल तिथेही त्याच लेखनाने लिहावे. दोन शब्दांमध्ये रिकामी जागा किंवा आडवी रेघ ठेवावी. त्याने टंकन सोपे होते.

किती शब्द, याचे उत्तर सर्व ठिकाणी सारखे नाही. हल्ले दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात कोणी पोर्टलच्या पानावर बसून पासवर्ड वापरून पाहतो. तिथे पाच-दहा चुकांनंतर खाते अडवले जाते, त्यामुळे नशिबाने निवडलेले तीन शब्दही पुष्कळ होतात. ब्रिटनचे राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र सर्वसामान्य नागरिकांना तीन असंबद्ध शब्दांचा सल्ला देते, तो याच हिशेबाने योग्य आहे. दुसऱ्या प्रकारात फाइलच चोरीला जाते: तुमचा लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, किंवा संकेतस्थळाकडे साठवलेली पासवर्डांची गणिती रूपांतरे, ज्यांना हॅश म्हणतात. मग अडवणारे कोणी नसते आणि चोर आपल्या यंत्रावर हवा तितका वेळ प्रयत्न करू शकतो. एमडी5 सारख्या जुन्या, वेगवान हॅशवर आजचे एक उत्तम ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून अधिक प्रयत्न करते. सेकंदाला दहा हजार कोटी हाच वेग धरला, तर 7,776 च्या यादीतले तीन शब्द पाच सेकंदांत संपतात, चार शब्द सुमारे दहा तासांत, पाच शब्दांना नऊ वर्षे लागतात आणि सहा शब्दांना सुमारे सत्तर हजार वर्षे. चांगल्या रीतीने बनवलेली कुलूपबंद फाइल मुद्दाम संथ पद्धत वापरते, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे कितीतरी पटींनी वाढतात. पण सगळा डोलारा ज्या एका पासफ्रेजवर उभा राहणार आहे, तिथे मी सहा शब्दांच्या खाली उतरणार नाही.

तो डोलारा म्हणजे पासवर्ड मॅनेजर, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारे साधन, आणि पोर्टलच्या मर्यादेबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. चारशे पासफ्रेज कोणीही पाठ करू शकत नाही आणि करूही नयेत. तुम्हाला पाठ हव्यात फक्त तीन: एक संगणकाची, एक तुमच्या मुख्य ईमेलची आणि एक पासवर्ड मॅनेजरची. तिन्ही वेगळ्या असाव्यात. बाकीचे पासवर्ड मॅनेजरने स्वतः नशिबाने तयार करावे आणि स्वतःच लक्षात ठेवावे. जिथे चौदा अक्षरांची मर्यादा आहे, तिथे शब्दांचा आग्रह सोडून द्यावा आणि मॅनेजरला पूर्ण चौदा अक्षरे, चिन्हे-आकडे धरून, निवडू द्यावीत. अशी चौदा अक्षरे सहा शब्दांपेक्षाही बलवान असतात. चिन्हांमध्ये वाईट काहीच नाही. माणसाने निवडलेली आणि माणसाने लक्षात ठेवायची चिन्हे हीच अडचण होती. कीपास-एक्ससी हे मोफत आणि खुल्या स्रोताचे साधन फाइल तुमच्याच संगणकावर ठेवते. बिटवॉर्डनसारखी साधने ती कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, महाजालावर ठेवतात, म्हणजे दोन-तीन सहायकांना आपापल्या खात्यातून हवे तेवढेच पासवर्ड देता येतात आणि कोणी सोडून गेले, की त्याचा प्रवेश बंद करता येतो. तुमच्यासारख्या कार्यालयाला हा दुसरा प्रकार सोयीचा ठरेल असे मला वाटते. मात्र 2022 मध्ये लास्टपास या सेवेकडून ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या होत्या, हे विसरू नये. तिजोरी चोराच्या घरी पोहोचल्यावर ज्याची मुख्य पासफ्रेज भक्कम होती, तो तरी वाचू शकत होता. सहा शब्दांचा माझा आग्रह त्यासाठी आहे.

तुमची एक्सेल फाइल या बदलाच्या काळात काही आठवडे तरी लागेलच. तिला 'शीट प्रोटेक्ट' करून समाधान मानू नये. त्याने मजकूर कूटबद्ध होत नाही, फक्त बदल अडवले जातात. फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड मागणारी 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' ही सोय वापरावी आणि तिला सहा शब्दांची माळ द्यावी. काम संपल्यावर फाइलच्या जुन्या प्रती ईमेलमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि व्हॉट्सॲपवर शोधून काढून टाकाव्यात; विसरल्या जातात त्या याच प्रती. अशिलांनी पाठवलेल्या पीडीएफही कुलूपबंद आहेत असे समजू नये. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, तर प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पॅन आणि जन्मतारीख असा. तुमच्या कार्यालयातल्या कोणालाही तो कागद न पाहता सांगता येईल. अशा फायली पूर्ण कूटबद्ध केलेल्या ड्राइव्हवर ठेवाव्यात. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत बिटलॉकर असतेच, नाहीतर व्हेराक्रिप्ट मोफत मिळते.

दर तीन महिन्यांनी बदलण्याच्या सक्तीबद्दल तुमच्या हाती फारसे काही नाही. पोर्टल मागेल तेव्हा मॅनेजरकडून नवा पासवर्ड घ्यावा. शेवटचा आकडा एकाने वाढवू नये. जिथे नियम तुमच्या हाती आहेत, तिथे मुदतीने बदलणे बंद करावे आणि कारण घडले की लगेच बदलावे: सहायक गेला, लॅपटॉप हरवला, एखाद्या सेवेची माहिती फुटल्याची बातमी आली. मायक्रोसॉफ्टनेही 2019 मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून मुदतबंद बदलाची अट काढून टाकली. वारंवारच्या सक्तीने माणसे सोप्या पासवर्डकडेच वळतात.

पासफ्रेज काय करू शकत नाही, तेही सांगितले पाहिजे. खोट्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतःच सहा शब्द लिहिलेत, तर त्यांची ताकद शून्य. फोनवरून कोणी परताव्याच्या नावाने ओटीपी मागितला आणि अशिलाने तो दिला, तरी तेच. म्हणून मुख्य ईमेलला आणि मॅनेजरला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपची, म्हणजे मोबाइलवर दर थोड्या वेळाने नवा संकेतांक दाखवणाऱ्या ॲपची, लावावीच. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तिथे मिनिटे मोलाची असतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे सहायकांना कामावर घेतानाच, धमकी म्हणून नव्हे तर जबाबदारी म्हणून, सांगून ठेवावे. आणि जे पोर्टल अशिलाच्या वतीने प्रतिनिधी जोडू देते, तिथे अशिलाचा पासवर्ड स्वतःकडे ठेवूच नये. जे आपल्याकडे नाही, ते आपल्याकडून चोरीला जात नाही.

शेवटी कागदाबद्दल. पासवर्ड कधीही लिहू नये, असे तुम्हाला अनेकांनी सांगितले असेल. मला ते मान्य नाही. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातला कागद वाचू शकत नाही. मुख्य पासफ्रेज पहिले काही दिवस कागदावर लिहून पर्समध्ये नव्हे, तर कपाटाच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा. ती पाठ झाली, की तोच कागद आणि ऑथेंटिकेटरचे राखीव संकेतांक एका पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून, त्यावर सही-तारीख घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि ते कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. ऐन जुलैत, विवरणपत्रांच्या धामधुमीत तुम्ही आजारी पडलात, तर चारशे अशिलांचे काम त्या पाकिटावर अवलंबून असेल. पासफ्रेज बदलली, की त्याच दिवशी पाकीटही बदला.